पंखा बंद होता

तुमचा टाक आलाय.

आबांनी दुपारी आणून दिला. सोनाराच्या गुलाबी कागदात गुंडाळलेला, वरच्या खिशात जपून. माझ्या अंगठ्याएवढा चांदीचा पत्रा आणि त्यावर ठोकून उठवलेला एक माणूस. घोड्यावर बसलाय, हातात तलवार, डोक्याला पगडी. हे म्हणे तुम्ही. मी कितीतरी वेळ उलटासुलटा करून बघितला. चष्मा नाही, कानावर खोचलेली पेन्सिल नाही. आणि घोडा! आपल्या वरातीला घोडा आणला होता तर तुम्ही लांबूनच म्हणालात, "हे जनावर माझ्या वळखीचं न्हाई," आणि पायी आलात. पुढं जन्मभर स्कूटर. पण सोनाराकडे गेलेल्या माणसाचा साचा एकच असतो, त्यात स्कूटरवाला नसतो.

आबा तुमच्या पलंगावर बसले. पाणी प्याले. चादरीवरून हात फिरवत म्हणाले, "लई दिवस बाहेर ठेवू ने. आखितीला बसवू. वर्षाची वाट बगायला मी तरी ऱ्हातो का?" थोरल्या दिरापुढं मी अजून पदर सावरून बसते. तशीच बसून राहिले, हो म्हणाले नाही आणि नाही म्हणाले नाही.

रीत मला माहीत आहे. घरातला कर्ता पुरुष गेला की त्याचा टाक करायचा आणि देव्हाऱ्यात खंडोबाच्या, भवानीच्या टाकांशेजारी बसवायचा. मग तो देव होतो, घर राखतो. तोवर तो बाहेर असतो. बाहेर म्हणजे कुठं, असं मी नवी नवरी असताना सासूबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "वळचणीला. दार उघडायची वाट बगत." मामंजींचा टाक त्यांनी स्वतः बसवला. तो अजून आहे, रोज मी त्याला आंघोळ घालते. तोही घोड्यावरच.

आणि आता तुम्ही. जन्मभर देवांना पुरावा मागितलेला माणूस. तुम्हाला हसू येत असेल. येत असेल का? बघा, हेच. एवढंच मला कळत नाहीये.

मी दमलेय हो. रडून नाही, रडल्यानं माणूस हलका तरी होतो. सांगून सांगून दमलेय. आळ्याहून, मंचरहून, कुठून कुठून लोक गाड्या करून येतात. बायका गळ्यात पडतात, बापे ओसरीवर चपला काढून "कसं झालं?" विचारतात. मग मी सांगते की छातीत दुखलं, मंचरला नेलं, आधी बरं वाटत होतं, मग गेले. मग चहा. चहाच्या पहिल्या घोटाला प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो. "मनातून मानत व्हते हो ते. वरवर दाखवत नसत एवढंच."

पहिल्यांदा मी मान हलवली. नंतर मात्र राग यायला लागला. मारुतीच्या देवळाची पाण्याची मोटार तुम्ही दर उन्हाळ्यात नवी तार गुंडाळून फुकट भरून द्यायचात, हा त्यांचा पुरावा. पायरीवर बसून खोबऱ्याचा प्रसाद खायचात, हा दुसरा. मी म्हणाले, "मोटार जळाली की भरायची, हे त्यांचं कामच होतं. आणि खोबरं त्यांना आवडायचं." त्या पाहुण्यांना वाटलं, बाईचं डोकं दुःखानं फिरलंय. रोज देवाला फुलं वाहणारी बायको, नवऱ्याला देव मानायला लावत नाही म्हणजे काय?

तुम्ही मानत नव्हता. ते मला ठाऊक आहे, माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? आयुष्यभर मला त्याचा त्रास झाला, पण ते तुमचं होतं. तुम्ही गेल्यावर लोकांनी ते तुमच्या अंगावरून उतरवून घ्यावं, हे मला बघवत नाही.

दुसरी जात असते ती खोदून विचारणाऱ्यांची. "असं काय घडलं व्हतं, की देवावरचा इस्वासच उडाला?" त्यांना वाटतं कुणी तरी अकाली गेलं असेल, नवस फुकट गेला असेल. काहीच घडलं नव्हतं. तुमचं तर नावच मल्हारी, आणि जन्मच नवसाचा. आबांच्या पाठीवर सगळ्या पोरीच, म्हणून सासूबाई खंडोबाला पायी गेल्या आणि तुम्ही झालात. हे सांगितलं की तुम्ही म्हणायचात, "नवस आईनं केला, कळा आईनं सोसल्या, अन् नाव देवाचं!" सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. एखाद्याला कारलं आवडत नाही, तसं तुम्हाला पुराव्याशिवाय काही गिळता यायचं नाही. बस, एवढंच. त्यात जखम वगैरे काही नव्हती.

फाट्यावरच्या दुकानात बसून तीच सवय लागली असेल, असं मात्र मला वाटतं. कुणीही शेतकरी जळकी मोटार घेऊन यायचा आणि सांगायचा की हिच्यात अमकं झालंय, तमकं झालंय. तुम्ही ऐकून घ्यायचात, आणि सिरीजचा बल्ब लावायचात. बल्ब पेटला तर तार धड, नाही पेटला तर तुटलेली. "मानूस कायबी सांगतो, बल्ब खोटं बोलत न्हाई." देव्हाऱ्यात तो छोटा पिवळा बल्बही तुम्हीच बसवून दिलात, सासूबाईंना समईचा धूर सोसेना म्हणून. बटण दाबून म्हणालात, "हितं करंट हाय, एवडं मी छातीठोक सांगतो. बाकीचं तुमी बगा." आणि रोज सकाळी पूजेला बसले की दारातून विचारायचात, "उठली का तुमची माणसं?"

माझी माणसं. अजून रोज उठवते मी त्यांना. दारातून कुणी विचारत नाही.

वांग्याची गंमत आठवते? आपल्याकडे खंडोबाचं कुळ म्हणून आषाढी एकादशीपासून वांगं बंद, ते थेट चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की तोंडात. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात तुम्ही जाहीर केलं, की आपण वांगं खाणार आणि काय होतं ते बघणार. मी करून देईना, तर दुकानाशेजारच्या खाणावळीतून भरली वांगी आणलीत आणि ओसरीवर सगळ्यांदेखत बसून खाल्लीत. तुमचं नशीब असं, की संध्याकाळी पोट बिघडलं. असं बिघडलं, की परसाकडची वाट तुडवून तुमचे पाय दुखले. आबांना काय आनंद! "मिळाला का पुरावा? का आजून पायजे?" म्हणून गावभर सांगून आले. तुम्ही भिंतीला धरून उभे, तोंड पांढरंफटक, आणि म्हणालात, "येकदा झालं तर योगायोग. उद्या परत खातो." आणि खाल्लंत. मी रात्रीपर्यंत जीव मुठीत धरून होते. काही झालं नाही. तेव्हा आबा म्हणाले, देवानं माफ केलं. तुम्ही म्हणालात, "आता बगा. बिघडलं तरी देव, न्हाई बिघडलं तरी देव. ह्यो कसला पुरावा?"

 

मी वाद घालायला कधी बसलेच नाही. लोकांना वाटतं आपल्या घरात रोज कीर्तन आणि रोज भांडण असेल. मी देव मानायचे ते मला बरं वाटायचं म्हणून. सकाळी त्या चांदीच्या थंडगार पत्र्यांना पाणी घातलं की दिवस सुरू झाल्यासारखं वाटायचं. तुम्ही पुरावा मागायचात आणि मी म्हणायचे, "आवं, मला कुठं लागतोय पुरावा?" आणि तुम्ही स्कूटर काढून दुकानाला निघायचात. एकदाच आपलं खरं वाजलं, ते बिबट्यावरून.

दिवेलागणीला मी गोठ्याकडं निघाले होते. उसाच्या बांधावर तो उभा. कुत्रं असेल असं वाटलं, मग शेपटी दिसली. तोंडातून कसं निघालं मला माहीत नाही, पण जीव खाऊन ओरडले, "येळकोट येळकोट जय मल्हार!" त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि वळून उसात गेला. घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं, की खंडोबा आडवा आला म्हणून वाचले. सगळ्यांनी हात जोडले. तुम्ही मात्र म्हणालात, "आवाजाला गेला त्यो. तू 'मेथी घ्या मेथी' आसं वरडली आसतीस तरी गेला आसता."

केवढी रडले मी त्या दिवशी. मरणाच्या दारातून आले होते आणि तुम्हाला मेथी सुचत होती. मी तुमच्याशी बोलणं टाकलं. आणि तुम्ही काय केलंत, तर दुसऱ्या दिवसापासून दुकान लवकर बंद करून दिवेलागणीला घरी यायला लागलात. बॅटरी हातात घेऊन माझ्या पुढं चालायचात गोठ्यापर्यंत. आणि बांध आला की मोठ्यानं, "मेथी घ्याऽऽ मेथी!" पहिले काही दिवस मी तोंड फिरवून चालले. मग एके दिवशी हसू आवरलं नाही. त्यानंतर किती वर्षं आपण तसं गेलो? तुम्ही मेथी विकायचात आणि मी मागून मनात येळकोट म्हणायचे. बिबट्या परत आला नाही. कुणामुळं आला नाही, हा वाद तसाच राहिला.

आता मी एकटी जाते गोठ्याकडं. आपला विशाल म्हणतो म्हैस विकून टाक, चाकणला चल. नको म्हटलं. परवा बांधावर पोचल्यावर उसात सळसळ झाली. आधी येळकोट म्हणाले. मग थांबले, आणि मेथी घ्या मेथी पण म्हणाले. शेजारच्या वावरातली पोरं बघायला लागली. बघू देत.

आणि तो पंखा. टाक समोर ठेवून बसले की सारखा तोच आठवतो. विशालला स्नेहलचं स्थळ आलं होतं. आपल्याला पोरगी पसंत, पोराला पसंत, पण आबा म्हणाले देवाला विचारल्याशिवाय सोयरीक नाही. खंडोबाच्या टाकावर झेंडूची ओली पाकळी लावली. उजवीकडं पडली तर होकार, डावीकडं पडली तर नकार. सगळे हात जोडून बसलेले, विशालचं तोंड एवढंसं झालेलं. पाकळी डावीकडं पडली. आबा उठायलाच लागले. तेवढ्यात दारातून तुमचा आवाज, "पंखा चालू हाय वरती. वारं उजव्या अंगानं येतंय. बंद करा अन् परत लावा."

आबा चिडले. म्हणाले, देवाला वारं लागत नसतं. तुम्ही म्हणालात, "देवाला न्हाई, पाकळीला लागतं." सासूबाईंनी पंखा बंद करायला लावला. परत पाकळी लावली, ती उजवीकडं पडली. विशालनं सुस्कारा टाकलेला मी ऐकला. आणि तुम्ही, सगळं मनासारखं झालं असताना, म्हणालात, "आता तिसऱ्यांदा लावा. दोनावरनं काय कळतंय?" मी तुम्हाला हाताला धरून बाहेर काढलं. तुम्हाला सून मिळाली होती, तरी तुम्हाला पुरावा पाहिजे होता!

मंचरच्या दवाखान्यातलं मात्र कुणाला सांगितलेलं नाही. पाहुण्यांना सांगते त्यात ते नसतं.

मी कपाळाला भंडारा लावला तर तुम्ही नाही म्हणाला नाहीत. नळ्या लावलेल्या, तरी म्हणालात, "लाव. पर बरा झालो तर डाक्टरच्या कष्टाचं काय?" शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसला. मग तो झोपला, आणि मी विचारलं, भीती वाटतीय का. "वाटतीय," म्हणालात. "पर भीती वाटती म्हनून देव खरा व्हत न्हाई."

मग मी ते विचारलं, जे कधी विचारलं नव्हतं. एवढ्या संसारात मी तुमच्याकडं या बाबतीत काही मागितलं नव्हतं. म्हणाले, "आवं, परत भेटू का आपण कुठं?"

तुमचं उत्तर मला माहीत होतं. तुम्ही ते दुकानात, लग्नात, मयतीत, कुणालाही तोंडावर सांगितलेलं होतं. मेलं म्हणजे मोटार जळली, तिला परत भरता येत नाही. मी तेच ऐकायची तयारी करून बसले होते. आणि तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "म्हाईत न्हाई गं."

म्हाईत न्हाई. ज्यानं आईसाठी, भावासाठी, स्वतःच्या पोराच्या सोयरिकीसाठी कधी अर्ध्या शब्दानं माघार घेतली नाही, त्यानं माझ्यासाठी एवढी घेतली. खोटं बोलला नाहीत. पण 'नाही' म्हणाला नाहीत. त्या दोन शब्दांसाठी मी तुमची सात जन्म ऋणी आहे. सात जन्म असतील तर.

मला त्यावर काही तरी बोलायचं होतं. नर्स आली, सलाईन बदललं, मला बाहेर बसवलं. बोलायचं राहूनच गेलं. तुम्ही एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवली होती, मला आणि विशालला दोघांना समोर बसवून. "माझ्यामागं कायबी करायचं आसंल तर तुमच्या समाधानासाठी करा, मी कोन आडवनार? पर माझ्या नावावर खपवू नका. मल्हारीला पायजे व्हतं, आसं म्हनू नका." दहावा केला आम्ही, कुकडीच्या घाटावर. आबांपुढं कुणाचं चालणार होतं? कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, इच्छा राहिली नव्हती. मला वाटलं, घाटावरचे कावळे रोज जेवतात, त्यांना मल्हारी काय आणि दुसरा कोण काय. वाटलं म्हणजे काय, तुमच्याच आवाजात ऐकू आलं.

पण टाकाचं तसं नाही. टाक तर तुमच्याच नावाचा. तुम्हीच तो. म्हणून अडलेय.

तुमचं खरं असेल तर तुम्ही कुठंच नाही. पत्रा देव्हाऱ्यात ठेवला काय आणि कपाटात ठेवला काय, काही फरक पडत नाही. आणि माझं खरं असेल तर तुम्ही वळचणीला उभे आहात, या उन्हात, आणि दार उघडायचं माझ्या हातात आहे. दार उघडलं तर तुमचा शब्द मोडते. नाही उघडलं तर तुम्हाला बाहेर ठेवते. संसारभर वाद जिंकायची मला इच्छा झाली नाही. आता झालीय. तुमचं चुकलेलं असू दे, एवढंच मागणं आहे. पहिल्यांदाच मी देव्हाऱ्यापुढं बसून म्हणाले, पुरावा दाखवा. एवढी वर्षं पाणी घातलंय, एक खूण द्या, की ते आहेत.

देव पिवळ्या उजेडात बसून राहिले. माझी माणसं. तुमच्याशी पण अशीच वागायची का हो?

इथवर लिहून मी वही मिटली होती. मध्ये अक्षय्य तृतीया, आपली आखिती, होऊन गेली. आता राहिलेलं लिहिते.

आबा सकाळीच आले, धोतर नेसून. विशाल आणि स्नेहल आदल्या दिवशीच आले होते. पुरणाचा स्वयंपाक झाला. टाकाला दुधानं, पाण्यानं आंघोळ घातली, भंडारा लावला, ताम्हनात तांदळावर ठेवला. आपल्याकडं बसवण्याआधी गेलेल्या माणसाचा होकार घेतात. पाकळी उजवीकडं पडली की तो यायला राजी.

आबा पाकळी भिजवत होते, तेवढ्यात स्नेहल उठली. बटणापाशी गेली आणि पंखा बंद केला. आबांनी वर बघितलं.

"आण्णा असते तर बंद करायलाच लावला असता," ती म्हणाली. "माझ्या वेळंला लावला होता."

खिडकीही आबांनीच लावून घ्यायला सांगितली.

पाकळी लावली. आम्ही बसलो. पडेना. उजवी नाही आणि डावी नाही. त्या घोडेस्वाराच्या छातीवर चिकटून बसली. घामाच्या धारा लागल्या. विशाल हळूच म्हणाला, "आण्णा विचार करताहेत." कुणी हसलं नाही. आबांचे गुडघे दुखायला लागले, एकदा या मांडीवर, एकदा त्या मांडीवर. मग एकाएकी त्यांनी हात जोडायचे सोडले आणि ताम्हनापुढं वाकून, लहान पोराला समजावतात तसे म्हणाले, "मल्या, आता तरी हट सोड रं. किती इनवू तुला? थोरला हाय ना मी? ये की घरात."

आणि ते रडायला लागले. मी लग्न होऊन आल्यापासून आबांना रडताना बघितलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही. ज्या माणसाशी तुम्ही जन्मभर भांडलात, तो त्या पत्र्यापुढं ओक्साबोक्शी रडत होता. तुमच्या पुराव्याच्या गोष्टीत हे कुठं बसतं, ते मला सांगा. विशालनं त्यांना उठवलं. म्हणाला, आबा, आधी दोन घास खाऊन घ्या, गोळ्या घ्यायच्यात तुम्हाला. पाकळी पडल तेव्हा पडल. सगळे स्वयंपाकघरात गेले. मी म्हणाले, मी बसते इथं.

मग आपण दोघंच राहिलो.

दारं-खिडक्या बंद, पिवळा बल्ब चालू. पाकळी वाळायला लागली होती, कडा वर आल्या होत्या. आत ताटं मांडल्याचा आवाज येत होता. मी तुमच्याकडं बघितलं. म्हणाले, आवं, मला खरं सांगा. तुम्ही काही सांगितलं नाहीत. मी वाकले. इतकी जवळ गेले, की टाकावर माझ्या श्वासाचं धुकं आलं. आणि मी फुंकर मारली. दूध निवायला मारतो तशी, हळू. एकदाच.

आतून आबांनी विचारलं, "पडली का गं?"

"पडली."

"कुठली?"

"उजवी."

ताट सरकवल्याचा आवाज आला. आबा खरकट्या हातानं दारात आले, बघितलं, आणि भिंतीला टेकून खाली बसले. त्यांच्या तोंडावर असं समाधान मी कधी बघितलं नव्हतं. स्नेहलनं पाकळी बघितली, मग माझ्याकडं बघितलं, आणि पंखा लावला.

तुम्हाला मामंजींच्या शेजारी बसवलंय, बल्बच्या बाजूला, तिथं गरम राहतं. रोज सकाळी आंघोळ घालते. पत्रा थंडगार असतो, हातात धरला की ऊब येते. मी त्यावर काही म्हणत नाही, हातात काहीही धरलं की ऊब येते, हे तुम्हीच सांगितलं असतंत. तुमचा शब्द मोडलाय मी. 'माझ्या नावावर खपवू नका' म्हणाला होतात, आणि तुमचा होकारच मी खपवला. आबांना सांगणार नाही. त्यांना कशाला सांगू?

तर आता ऐका. पंखा बंद होता. खिडकी बंद होती. खोलीत वाऱ्याची झुळूक नव्हती, आणि पाकळी मी पाडली. हे जगात कुणी बघितलेलं नाही. तुम्ही कुठंच नसाल, तर कुणीच बघितलेलं नाही. पण वळचणीला, दारात, या पत्र्यात, कुठंही असाल, तर तुम्ही बघितलंय. मग असे गप्प बसू नका. आबांदेखत, विशालदेखत या, आणि ओरडून सांगा की ही बाई लबाड आहे.

तेवढा पुरावा मला पुरे आहे.